स्क्रू आधी रंगवा, मग बसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती-दिवाळीच्या तोंडावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत घराच्या रंगकामावर भरपूर मजकूर येतो. भिंतीच्या छटा, लांबी (पुट्टी), प्रायमर, वॉटरप्रूफिंग अशा सगळ्याची चर्चा होते. बिजागऱ्यांचे, कपाटाच्या मुठींचे, पडद्याच्या ब्रॅकेटचे आणि खिडकीच्या चौकटीचे स्क्रू मात्र कोणाच्याच यादीत नसतात. सुतार म्हणतो रंग माझ्याकडे नाही, रंगारी म्हणतो फिटिंग माझ्याकडे नाही. मग दाराला ऑइलपेंटचा शेवटचा हात मारताना तोच दोन इंची ब्रश स्क्रूवरूनही फिरतो आणि काम झाले असे समजले जाते. काही महिन्यांत माथ्यावरचे पोपडे निघतात आणि रंगीत दारावर पांढरे ठिपके चमकू लागतात. पुढे बिजागरी बदलायची वेळ आली की खाचेत घट्ट वाळलेल्या रंगामुळे ड्रायव्हर बसतच नाही. स्क्रू बसवण्याआधी, सुटा असताना, त्याच्या धातूला चालेल अशा प्रायमरवर रंगवला तर यातले काहीच होत नाही. ही पद्धत रंगकामाच्या कंत्राटातच यावी, अशी माझी मागणी आहे. प्रत्येक पायरीमागचे कारण कळल्याशिवाय ती कोणी मनावर घेत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

पोपडे का निघतात ते आधी पाहू. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा चकचकीत पांढरा किंवा पिवळसर झाक असलेला स्क्रू म्हणजे लोखंडावर जस्ताचा काही मायक्रॉनचा मुलामा. आपण ज्याला ऑइलपेंट म्हणतो तो अल्किड जातीचा, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेल्या रेझिनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने जस्तावर अल्कधर्मी संयुगे तयार होतात. ती रंगातल्या तेलाचे विघटन करतात आणि रंग व धातू यांच्या मधोमध जस्ताच्या साबणाचा थर तयार होतो. त्यामुळे रंग वरून कितीही कडक वाळला तरी खालून सुटतो आणि सालीसारखा अख्खा निघून येतो. अशा वेळी रंगाऱ्याला किंवा रंगाच्या कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. जस्तावर थेट ऑइलपेंट टिकत नाही, मग तो कितीही महाग असो.

यावर बरेच जण रेड ऑक्साइड सुचवतात. नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमरही बहुधा अल्किडच असतो. तो उघड्या लोखंडासाठी, ग्रिलसाठी, गेटसाठी उत्तम. पण जस्ताच्या मुलाम्यावर तोही त्याच कारणाने सुटतो. जस्त, स्टेनलेस आणि अॅल्युमिनियमसाठी दोन पर्याय आहेत. पहिला एच (etch) प्रायमर, ज्याला वॉश प्रायमरही म्हणतात. यात फॉस्फोरिक आम्ल असते आणि ते धातूच्या पृष्ठभागाला किंचित खाऊन रंगाला पकड देते. दोन डब्यांत येणारा घेतला तर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळावा आणि मिसळलेला उद्यासाठी ठेवू नये. त्याचा हात इतका पातळ हवा की खालचा धातू अंधुक दिसत राहील. जाड थर ठिसूळ होतो आणि ड्रायव्हर लागताच फुटतो. दुसरा पर्याय पाण्यात विरघळणारा अॅक्रिलिक मेटल प्रायमर. तो घेताना डब्यावर जी.आय. किंवा गॅल्व्हनाइज्ड पृष्ठभागासाठी चालतो असे लिहिलेले आहे ना, ते पाहावे. घरगुती कामासाठी मी दुसराच सुचवेन: वास कमी, हाताला सोपा, आणि चूक झाली तर वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसता येतो.

स्क्रूच्या निवडीकडेही इथेच लक्ष द्यायला हवे, कारण चुकीचा स्क्रू रंगवून बरोबर होत नाही. जिप्समचे सीलिंग बसवायला वापरतात तो काळा स्क्रू रंग छान धरतो, कारण त्याच्यावरचा फॉस्फेटचा थर सच्छिद्र असतो. वरचे तेल तेवढे काढावे लागते. पण तो कडक आणि ठिसूळ पोलादाचा असतो. जड दाराच्या बिजागरीला तो लावला तर कधीतरी माथा तुटून पडतो आणि दांडा लाकडात अडकून राहतो. शिवाय दमट जागी लवकर गंजतो. सागवानाच्या दाराला तर साध्या लोखंडाचा स्क्रू नकोच. सागातले टॅनिन आणि लोखंड यांना ओल मिळाली की स्क्रूभोवती निळसर काळा डाग पडतो आणि तो लाकडात खोल उतरतो. तिथे पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू लावावा. पॉलिश केलेल्या सागावर पितळी स्क्रू मुळातच शोभतो, तो रंगवण्याचा अट्टहास करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पितळ मऊ असते, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्यावी, तो काढावा आणि मग पितळी बसवावा.

समुद्रकाठच्या घरांत ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसवरही चहासारखे तपकिरी डाग येतात. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा इथे उघड्यावरच्या कामाला ३१६ ग्रेड घ्यावा; त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या हवेत ते उपयोगी पडते. अॅल्युमिनियमच्या खिडकीत स्टेनलेस स्क्रू असेल तर माथा रंगवण्याला दिसण्यापलीकडचाही फायदा आहे. खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना चिकटून असले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि स्क्रू शाबूत राहतो. स्क्रूचा उघडा भाग रंगाने झाकला की ही क्रिया मंदावते. फक्त अॅल्युमिनियम रंगवून स्क्रू उघडा ठेवला, तर रंगावरच्या एखाद्या ओरखड्यापाशी सगळी झीज एकवटते आणि तिथे खड्डा पडतो. म्हणून अशा जागी स्क्रू आधी रंगवावा.

आता प्रत्यक्ष कृती. कारखान्यातून स्क्रू येतो तो तेलाच्या किंवा मेणाच्या अंगाने. ते काढल्याशिवाय कुठलाच प्रायमर धरत नाही. भांडी घासायचा साबण घातलेल्या गरम पाण्यात स्क्रू टाकून जुन्या दातांच्या ब्रशने माथे आणि खाचा घासाव्यात, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावेत आणि लगेच फडक्यावर पसरून कोरडे करावेत. नंतर थिनरच्या चिंधीने माथा पुसावा. त्यापुढे माथ्याला उघड्या बोटांचा स्पर्श नको, कारण बोटांचे तेलही तितकेच नडते. हातमोजे घालावेत किंवा स्क्रू दांड्याला धरून उचलावा. मुलामा असलेल्या स्क्रूवर ३२० किंवा ४०० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवावा. चकाकी मेली की थांबायचे; जस्त घासून लोखंड उघडे पाडायचे नाही. स्टेनलेसला मात्र जरा जोर लावायला हरकत नाही.

मुलामा काढण्यासाठी काही जण स्क्रू व्हिनेगरमध्ये किंवा संडास धुण्याच्या आम्लात रात्रभर बुडवून ठेवतात. हे करू नये. जस्त गेले की गंजाला अडवणारे काही उरत नाही. शिवाय काळे स्क्रू आणि पत्र्याचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू यांसारख्या कडक पोलादात आम्लातून सुटलेला हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होते. असा स्क्रू बसवताना किंवा बसवल्यावर काही काळाने अचानक तुटू शकतो.

रंगवताना स्क्रू उभे धरायला बॉक्सचा जाड पुठ्ठा सर्वांत सोयीचा. थर्मोकोल नको, स्प्रेतल्या सॉल्व्हंटने तो वितळतो आणि स्क्रू आडवे होतात. पुठ्ठ्याला टोच्याने भोके पाडून स्क्रू असे खोचावेत की माथा पुठ्ठ्याच्या तीन-चार मिलिमीटर वर राहील. त्यामुळे माथ्याची कड रंगते आणि आटे झाकलेले राहतात. आट्यांना रंग लागता कामा नये. लाकडात शिरताना तो खरवडला जातो, चुरा तोंडाशी जमतो आणि माथा पूर्ण बसत नाही. मशीन स्क्रूच्या बाबतीत तर नटच अडकतो.

स्प्रे वापरणार असाल तर डब्यातली गोळी वाजू लागल्यावर निदान एक मिनिट डबा हलवावा. अंतर वीस ते पंचवीस सेंटिमीटर ठेवावे. फवारा माथ्यावर सरळ उभा मारू नये, तिरका मारावा आणि पुठ्ठा पाव-पाव वळवत चारही बाजूंनी घ्यावा. सरळ मारला की रंग खाचेत साचतो आणि कड कोरडी राहते. गोल माथ्याच्या स्क्रूवर हे फार दिसते. प्रत्येक हात धुक्यासारखा पातळ, मधे दहा-पंधरा मिनिटे, असे तीन हात पुरतात. काम खिडक्या उघड्या ठेवून करावे. गॅसची शेगडी, देवघरातले निरांजन, उदबत्ती असे जवळपास काही पेटते नको, कारण फवाऱ्यातला वायू ज्वालाग्राही असतो.

थोडे स्क्रू असतील तर मला मात्र ब्रशच पसंत आहे. ८ नंबरच्या स्क्रूचा दांडा सुमारे ४.२ मिलिमीटर आणि माथा साधारण ८ मिलिमीटर व्यासाचा. म्हणजे एका माथ्याचे क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर, आणि दोनशे माथ्यांचे मिळून शंभर चौरस सेंटिमीटर, जेमतेम पोस्टकार्डाएवढे. एका लिटरमध्ये दहा चौरस मीटर हा हिशेब धरला तर दोनशे माथ्यांच्या एका हाताला एक मिलिलिटर रंग लागतो. दाराला चार इंची तीन बिजागऱ्या आणि प्रत्येकीला आठ स्क्रू धरले तर एका दाराचे चोवीस झाले. तेव्हा दोनशे स्क्रूंत दोन खोल्यांच्या घराची दारे आणि बरीचशी कपाटे आरामात होतात. यासाठी नवा डबा आणायचे कारणच नाही. दाराचा उरलेला रंग झाकणबंद बाटलीत दोन चमचे काढून ठेवला की पुरे. छटाही आपोआप जुळते आणि चकाकीही. चकाकीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. रंग तंतोतंत जुळला तरी मॅट दारावर ग्लॉस माथा लांबूनही डोळ्यांत भरतो.

सनमायका किंवा पावडर कोटिंग केलेल्या खिडकीशी रंग जुळवायचा असेल तर त्याचा तुकडा घेऊनच दुकानात जावे. पावडर कोटिंगवाल्यांकडे बहुधा राल (RAL) या प्रमाणित रंगतक्त्यातला क्रमांक मिळतो: ९०१६ हा पांढरा, ८०१७ चॉकलेटी, ७०१६ गडद राखाडी. क्रमांक मिळाला की निम्मे काम झाले. छटा दिवसाच्या उजेडात आणि त्या खोलीतल्या दिव्याखाली अशी दोन्हीकडे पाहावी, कारण एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. लाकडी रेषांच्या सनमायकावर सरासरी रंग शोधत बसू नये. रेषेचा जो गडद रंग असेल तो घ्यावा. छटेबद्दल शंका असेल तर किंचित गडद बाजूला झुकावे. गडद माथा सावलीत मिसळून जातो, फिकट माथा उठून दिसतो.

वाळवण्यात घाई हीच बहुतेक ठिकाणी नडते. ऑइलपेंट बोटाला लागेनासा झाला म्हणजे तो कडक झाला असे नव्हे. रात्रभरात तो हाताळण्याजोगा होतो, पण ड्रायव्हरचा दाब सोसायला आठवडा द्यावा. म्हणून स्क्रूचे काम रंगकामाच्या शेवटी ठेवता येत नाही. लांबी भरायला सुरुवात झाली त्याच दिवशी स्क्रू रंगवून ठेवले, तर फिटिंगच्या दिवसापर्यंत ते आपोआप तयार असतात. शेवटच्या हातानंतर रंग ओलसर असतानाच टूथपिकने खाचेचे कोपरे मोकळे करावेत. पावसाळ्यात कोकणात हे काम शक्यतो टाळावे. एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर तर दमट हवेत हमखास पांढुरका पडतो, कारण सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले बाष्प त्यावर बसते. करणे भागच असेल तर कोरडी दुपार गाठावी.

बसवताना योग्य मापाचे भोक आधी पाडावे. ८ नंबरच्या स्क्रूला सागासारख्या कठीण लाकडात ३ मिलिमीटर, प्लायमध्ये अडीच मिलिमीटर. चपट्या माथ्याच्या स्क्रूला काउंटरही (माथा बसण्यापुरता तिरका खळगा) नीट मारावा, नाहीतर माथ्याची कड घासून रंग निघतो. आट्यांना मेणबत्तीचे मेण लावावे. साबण लावू नये, तो ओलावा धरतो आणि गंज आणतो. बिट खाचेत डुगडुगता कामा नये. फिलिप्स आणि पोझिड्राइव्ह या खाचा वरवर सारख्या दिसतात, पण एकीचा बिट दुसरीत घातला की तो निसटतो आणि रंगासकट धातूही ओरबाडतो. पोझिड्राइव्हच्या माथ्यावर मुख्य फुलीच्या मधे चार बारीक रेघा असतात, त्यावरून ओळखावे. बिट आणि माथा यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा धरला तर ओरखडे बरेच कमी होतात. ड्रिल मशीनचा क्लच (फिरवण्याचा जोर ठरवणारी कडी) कमी ठेवावा आणि शेवटचे दोन-तीन फेरे हातानेच द्यावेत. एवढे करूनही खाचेच्या कडेला एखादा टवका उडतोच. तिथे टूथपिकच्या टोकाने रंगाचा ठिपका ठेवावा.

आधीच बसवलेल्या स्क्रूंचे काय, असा प्रश्न येईल. दार न उतरवता एका वेळी एकच स्क्रू काढावा आणि त्याच्या जागी रंगवलेला नवा बसवून मगच पुढचा काढावा. दार लोंबत नाही. खाच रंगाने भरली असेल तर टोच्याने कोरून घ्यावी आणि माथ्याभोवती कटरने रेघ मारावी, म्हणजे दाराच्या रंगाची साल सोबत येणार नाही. मग ड्रायव्हर खाचेत ठेवून हातोडीचा हलका ठोका द्यावा, आधी किंचित घट्ट करावा आणि मग सैल. जुन्या घरात एक खबरदारी घ्यावीच लागते. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे हा नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा घासू नये. पाण्याने ओला करून खरवडावा, मास्क लावावा, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये आणि नंतर लादी ओल्या फडक्याने पुसावी.

काही स्क्रूंना रंग लावायचाच नसतो आणि हे रंगाऱ्याला काम सुरू होण्याआधी सांगावे लागते. अर्थिंगचा स्क्रू आणि विजेचे कुठलेही टर्मिनल रंगवू नये. रंग वीजरोधक असतो आणि अर्थिंग जोडणीच्या मधे तो आला तर संरक्षणच जाते. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या ऑटो हिंजवर पल्ला वर-खाली, मागे-पुढे करण्याचे स्क्रू असतात, ते मोकळे राहायला हवेत. छपराच्या रंगीत पत्र्याला रंगीत माथ्याचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू कारखान्यातूनच मिळतात, तेच घ्यावेत. बसवल्यावर वरून रंग मारला तर माथ्याखालच्या ईपीडीएम रबराच्या वॉशरलाही तो लागतो. वॉशर उन्हात फुगतो-आक्रसतो आणि रंगाला तिथेच तडे जातात. नव्या पत्र्यावर स्क्रूच्या आजूबाजूला गंजाचे ठिपके दिसले तर लगेच स्क्रूला दोष देऊ नये. बहुतेक वेळा ड्रिल करताना उडालेला लोखंडाचा चुरा पत्र्यावर तसाच राहून गंजलेला असतो. काम झाल्यावर त्याच संध्याकाळी मऊ झाडूने छप्पर झाडले तर हे डाग पडत नाहीत.

रंगवलेला माथा म्हणजे गंजावरचा उपाय नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. लाकडातल्या ओलीने दांडा आतून गंजत असेल तर माथ्यावरचा रंग ते फक्त काही काळ लपवतो. रंगाखालून तांबूस ओघळ दिसला की तो स्क्रू काढून स्टेनलेस बसवावा. त्यावर पुन्हा रंग मारण्यात पैसा आणि वेळ घालवू नये.

आपल्या पुरवणीमार्फत तीन मंडळींना विनंती आहे. रंगकामाचा अंदाज देणाऱ्यांनी त्यात स्क्रू व फिटिंग अशी वेगळी ओळ घालावी, म्हणजे ते काम कोणाचे यावर शेवटच्या दिवशी वाद होणार नाही. सुतारांनी बिजागऱ्या आणि मुठी बसवण्याच्या आठवडाभर आधी स्क्रू रंगाऱ्याच्या ताब्यात द्यावेत. हार्डवेअर दुकानदारांनी सुटे स्क्रू कागदात बांधून देताना त्यावर धातू, मुलामा आणि नंबर लिहून द्यावा; स्क्रू जस्ताचा आहे की स्टेनलेसचा हे ग्राहकाला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही आणि प्रायमर त्यावरच ठरतो. घरमालकांनी गरजेपेक्षा दहा-बारा स्क्रू जास्तच रंगवून घ्यावेत आणि ते उरलेल्या रंगाच्या बाटलीसोबत एका डबीत ठेवून डबीवर रंगाचा क्रमांक, स्क्रूचे माप आणि तारीख लिहावी.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी